मेपल लीफ रॅग: जॉपलिन 'सावकाश वाजवा' असं का सांगत राहिला?

तीन_सप्तकं

गेले सात महिने मी पियानोवर एकच रचना घेऊन बसलो आहे: स्कॉट जॉपलिन या कृष्णवर्णीय अमेरिकन रचनाकाराचा 'मेपल लीफ रॅग'. रॅग म्हणजे रॅगटाइम शैलीतली रचना: डावा हात ठोका धरून चालतो आणि उजव्या हाताचा सूर तो ठोका चुकवत जातो. लहानपणी पेटी शिकलो होतो, पियानोकडे चाळिशीनंतर वळलो. या रॅगची रेकॉर्डिंगं शोधायला गेलं की बहुतेक जण तो पळवत नेताना दिसतात. सव्वादोन मिनिटांत काम फत्ते. बोटांचं कौतुक वाटतं, पण रचना कानातून निसटून जाते. मी जितका हळू वाजवत गेलो तितका हा रॅग मला उलगडत गेला, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. जॉपलिनचा जन्म १८६७-६८ च्या सुमाराचा, टेक्सासच्या ईशान्य भागातला. वडील जाइल्स जन्माने गुलाम, नंतर मुक्त झालेले. ते व्हायोलिन वाजवायचे. आई फ्लॉरेन्स गायची, बँजो वाजवायची. कुटुंब टेक्सारकाना गावात आलं आणि तिथे ज्युलियस वाइस नावाच्या जर्मन शिक्षकाने या मुलाला शिकवलं, युरोपातल्या संगीताची ओळख करून दिली. पुढे तरुणपणी गावोगाव वाजवत फिरून १८९० च्या दशकात जॉपलिन मिझुरी राज्यातल्या सेडेलिया या गावी स्थिरावला. रेल्वेमुळे वाढलेलं गाव. तिथल्या जॉर्ज आर. स्मिथ कॉलेजात, म्हणजे कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या कॉलेजात, तो शिकला. गावात मेन स्ट्रीटवर कृष्णवर्णीयांचा 'मेपल लीफ क्लब' होता. तिथे तो पियानो वाजवायचा. रचनेचं नाव आणि क्लबचं नाव एकच, पण नाव क्लबवरूनच घेतलं याचा थेट पुरावा नाही.

सप्टेंबर १८९९ मध्ये जॉन स्टार्क या सेडेलियातल्या दुकानदाराने ती छापली. स्टार्क गोरा, यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेला, नंतर शेती, मग आइस्क्रीम, मग पियानो-ऑर्गनची विक्री असं सगळं करून झालेला माणूस. पहिल्या छपाईच्या ४०० प्रती खपायला वर्षभर लागलं. पुढच्या दहा वर्षांत खप पाच लाखांच्या घरात गेला. म्हणजे अमेरिकेतल्या कितीतरी घरांत पियानोच्या स्टँडवर ही पानं उघडी पडलेली असणार.

आता खुद्द रचना. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगतो. सा काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी. बार, म्हणजे ठोक्यांचा एक छोटा गट, इथे दोन ठोक्यांचा. सोळा-सोळा बारांचे चार भाग आहेत, त्यांना अ, ब, क, ड म्हणू. वाजवण्याचा क्रम: अ अ, ब ब, पुन्हा एकदा अ, मग क क, ड ड. बहुतेक रॅगना सुरुवातीला चार बारांची प्रस्तावना असते, इथे ती नाही. थेट विषयाला हात.

अ भागावर मी सर्वात जास्त वेळ घालवला. पहिले चार बार उजळ, भरल्या घरासारखे. पाचव्या बारला खालच्या अंगाला कोमल धैवत येतो आणि उजेड एकदम मंदावतो. सातव्या-आठव्या बारांत कोमल गंधार घेऊन सूर अगदी खालून वरपर्यंत पायऱ्या चढत जातात. आणि मग पुन्हा शुद्ध गंधाराचा उजेड. हे सगळं सोळा बारांत. पळवत वाजवलं तर कोमल गंधाराची ती चढण नुसती सरसर निघून जाते. ठोक्याला ठोका देत वाजवली तर जिन्याच्या प्रत्येक पायरीवर पाय टेकल्यासारखं वाटतं. मला या रॅगमधली सर्वात सुंदर जागा हीच वाटते.

ब भागात डावा हात 'बूम-चक' चालीला लागतो: खाली खर्जाचा सूर, वर कॉर्ड (एकदम वाजवलेले तीन-चार सूर), पुन्हा खाली, पुन्हा वर. उजवा हात वरच्या सप्तकात तुटक, हलका. क भागात सा बदलतो. काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एक, तोच आता षड्ज होतो. मार्चमध्ये, म्हणजे कवायतीच्या चालीच्या संगीतात, हा तिसरा भाग असाच मध्यमावर सरकतो, आणि बरेचदा तुकडा त्या नव्या सुरावरच संपतो. जॉपलिनने तसं केलं नाही. ड भागात तो काळी चारवर परत येतो, पण सुरुवात मध्यमाच्याच कॉर्डवरून करतो. त्यामुळे घरी पोचलो हे दोन-तीन बार उलटल्यावर कळतं. हा परतीचा प्रवास मला फार मोठ्या प्रतिभेचा वाटतो.

छापील प्रतीवर वेगाची खूण आहे 'टेम्पो दि मार्चा', म्हणजे मार्चच्या चालीने. माणसं ज्या वेगाने पावलं टाकतात तो वेग. पुढे १९०५ च्या 'लिओला' या रचनेवर तर जॉपलिनने स्पष्ट सूचनाच छापली, की ही वेगाने वाजवू नका, रॅगटाइम वेगाने वाजवणं कधीच बरोबर नाही. १९०८ मध्ये त्याने 'स्कूल ऑफ रॅगटाइम' ही सहा अभ्यासांची छोटी पुस्तिका काढली, त्यातही तेच. त्याने हे पुन्हा पुन्हा का सांगितलं असेल, यावर बोलूया. वाजवणारे, ऐकणारे, सगळ्यांनी लिहा.

---

निशिगंध_७

फार सुंदर लिहिलंय. माझा पियानोशी काहीच संबंध नाही, तबला पाच वर्षं शिकले आहे. एक मूलभूत प्रश्न. रॅगटाइम म्हणजे जॅझच का? आणि त्यातला तो ठोक्याला चुकवत जाणारा भाग नक्की कसा बांधलेला असतो?

---

तीन_सप्तकं

@निशिगंध, तबला शिकला आहात तर तुम्हाला हे आमच्यापेक्षा लवकर कळेल.

आधी जॅझचं. रॅगटाइम त्याच्या आधीचा, आणि एक मोठा फरक म्हणजे जॉपलिनचा रॅग पूर्ण लिहिलेला असतो. उपज नाही. प्रत्येक सूर कागदावर. कृष्णवर्णीय वादकांमध्ये ही वाजवण्याची पद्धत आधीपासून होती, केकवॉक नाचाच्या आणि बँजोच्या सुरावटींत तिची मुळं आहेत. छापील 'रॅग' मात्र १८९७ पासून दिसू लागले. त्याच वर्षी टॉम टर्पिनचा 'हार्लेम रॅग' आला.

आता लय. एका बारमध्ये दोन ठोके, प्रत्येक ठोक्याचे चार भाग, म्हणजे एकूण आठ. पायाने दोन ठोके देत राहा आणि तोंडाने म्हणा: तकिट तकिट तक. तीन, तीन, दोन. प्रत्येक 'त' वर टाळी द्या. पहिली टाळी पायाबरोबर येते, दुसरी पायाच्या किंचित आधी, तिसरी दोन ठोक्यांच्या मधोमध. पाय आणि हात यांच्यात जो ताण तयार होतो, तो रॅगटाइमचा जीव. पियानोवर पायाचं काम डावा हात करतो आणि टाळीचं उजवा.

केकवॉकमध्ये याहून साधी आकृती सापडते: आखूड-लांब-आखूड, मग दोन सरळ. 'त ता त ता ता'. जॉपलिन त्याच्या पुढे जातो. त्याचा सूर ठोक्याच्या आधी सुरू होतो आणि ठोका ओलांडून पलीकडे टिकतो, म्हणजे ठोका येतो तेव्हा उजव्या हाताकडे नवीन आघात नसतोच. 'मेपल लीफ'च्या पहिल्याच बारमध्ये ठोक्यावर उजवा हात गप्प आहे. डावा हात वाजतो, मग उजवा आत शिरतो.

म्हणूनच डावा हात ठेक्यासारखा पक्का हवा. तो डळमळला तर उजव्या हाताने चुकवायचं कशाला?

---

निशिगंध_७

तकिट तकिट तक पायाबरोबर करून पाहिलं. दुसऱ्या टाळीला पाय आपोआप पुढे ओढला जातो! ठाय लयीत दहा मिनिटं केल्यावर जमलं. दुगुणीत गेले की तो ताण गायब होतो आणि नुसती धावपळ उरते. तुमचं म्हणणं हातापायांनीच पटलं.

---

वेगळा_सूर

थोडा विरोध नोंदवतो, रागावू नका.

रचनाकाराने सांगितलं म्हणून तोच एक वेग, हे मला मान्य नाही. जॅझवादक सिडनी बेशेच्या बँडने १९३२ मध्ये 'मेपल लीफ रॅग' रेकॉर्ड केला, तो भन्नाट वेगात आहे आणि ऐकताना अंगावर काटा येतो. १९३८ मध्ये जॅझ पियानोवादक जेली रोल मॉर्टनने वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये लोकसंगीताचा संग्राहक अॅलन लोमॅक्ससमोर हाच रॅग दोन प्रकारे वाजवून दाखवला: मिझुरीकडे कसा वाजायचा आणि त्याच्या न्यू ऑर्लीन्सच्या ढंगात कसा. दुसऱ्या प्रकारात तो अक्षरशः नवीन झाला आहे. परंपरा अशीच चालते. आपल्याकडे एकच बंदिश दोन घराण्यांत किती वेगळी होते, ते आपण आनंदाने ऐकतोच ना?

---

तीन_सप्तकं

रागावण्याचं काही कारणच नाही, मॉर्टनचं उदाहरण तर मला हवंच होतं. ती दोन्ही वादनं लागोपाठ ऐकली की लक्षात येतं, न्यू ऑर्लीन्सच्या ढंगात त्याने रचना मोकळी केली, सूर बदलले, डाव्या हाताची चाल बदलली. बेशेकडे तर ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट-सॅक्सोफोन एकमेकांत गुंफलेले आहेत. त्यांनी या रॅगवर स्वतःचं काहीतरी उभं केलं. ते मला मनापासून आवडतं.

माझी हरकत आहे ती छापील सूर जसेच्या तसे ठेवून फक्त वेग वाढवण्याला. त्यात भर काहीच पडत नाही, आणि जे आहे तेही जातं.

एक हिशोब करून पाहिला. सोळा बारांचे नऊ फेरे म्हणजे १४४ बार, २८८ ठोके. मिनिटाला ९० ठोके धरले तर ३ मिनिटं १२ सेकंद. १२० धरले तर २ मिनिटं २४ सेकंद. फरक ४८ सेकंदांचा. मी स्वतः सध्या ८४ वर वाजवतो.

आणि जॉपलिनच्या आग्रहामागे वेगापलीकडचंही काही होतं असं मला वाटतं. त्या काळात रॅगटाइमला हलकं, दारूच्या गुत्त्यातलं संगीत समजायचे. कृष्णवर्णीयांची टिंगल करणारी गाणी याच नावाखाली खपत होती. हा माणूस प्रत्येक सूर लिहून, छापून, त्यावर सूचना देऊन सांगत होता की ही रचना आहे, ती रचनेसारखी वाजवा. 'सावकाश' या शब्दात मला ती मागणी ऐकू येते.

---

सेंट_लुईसवासी

या धाग्यासाठी खास लॉगिन केलं. मी सेंट लुईसमध्ये चौदा वर्षं राहते आहे. इथे डेलमार बुलेव्हार्डवर जॉपलिनचं घर जतन केलेलं आहे. १९०० च्या सुरुवातीच्या वर्षांत तो तिथे वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होता. तेव्हा त्या रस्त्याचं नाव मॉर्गन स्ट्रीट होतं. लाल विटांचं साधं घर. मी गेले होते तेव्हा तिथल्या माणसाने प्लेअर पियानोवर रोल लावून दाखवला. भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी फिरते आणि पट्ट्या आपोआप खाली जातात. समोर माणूस नाही आणि पट्ट्या हलताहेत, हे बघताना गळा दाटून आला.

जॉपलिनच्या वादनाची एकही तबकडी नाही. १९१६ मध्ये त्याने काही पियानो रोल केले, त्यात 'मेपल लीफ'ही आहे. तोपर्यंत तो खूप आजारी होता, हात पूर्वीसारखे चालत नव्हते. एक एप्रिल १९१७ ला न्यूयॉर्कमधल्या मनोरुग्णालयात त्याचं निधन झालं. क्वीन्समध्ये त्याला पुरलं, आणि १९७४ पर्यंत त्या जागेवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. सत्तावन्न वर्षं!

सेडेलियाला दरवर्षी त्याच्या नावाने रॅगटाइम महोत्सव होतो. इथून मोटारीने तीन तासांवर. मेपल लीफ क्लब मात्र १९०० मध्येच बंद पडला होता. ज्याचं नाव जगभर झालं तो क्लब, रॅग छापून आल्यावर वर्षभरही टिकला नाही.

---

खतावणी

खप पाच लाखांचा, मग जॉपलिन श्रीमंत झाला असेल ना? त्या काळात कृष्णवर्णीय रचनाकाराला रॉयल्टी मिळायची का? सहसा एकरकमी पैसे देऊन हक्क विकत घ्यायचे असं वाचलं होतं.

---

तीन_सप्तकं

@खतावणी, नेमक्या जागी बोट ठेवलंत. एकरकमी विकत घेण्याचीच पद्धत होती. इथे मात्र १० ऑगस्ट १८९९ ला रीतसर करार झाला, आणि त्यात रॉबर्ट हिगडन या सेडेलियातल्या तरुण वकिलाने जॉपलिनला मदत केली. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे १ सेंट. दहा प्रती फुकट, आणखी हव्या असतील तर ५ सेंटांना एक. दुकानात २५ सेंटांपेक्षा कमी किमतीला विकायची नाही.

पहिल्या ४०० प्रतींचे झाले चार डॉलर. पाच लाख प्रतींचे पाच हजार, तेही दहा वर्षांत पसरलेले. श्रीमंती नाही, पण नियमित मिळकत. त्याच्या इतर कुठल्याही रचनेने इतकं दिलं नाही. त्यामुळे गुत्त्यांत रात्र-रात्र वाजवण्यापासून त्याला सुटका मिळाली, शिकवायला आणि लिहायला वेळ मिळाला.

हा वेळ त्याने कुठे घातला ते पाहा. 'ट्रिमोनिशा' हा तीन अंकी ऑपेरा लिहिला आणि १९११ मध्ये पदरमोड करून छापला. एका कृष्णवर्णीय मुलीची गोष्ट, जी शिक्षणाच्या जोरावर आपल्या माणसांची पुढारी होते. त्याच्या हयातीत तो नीट रंगमंचावर आलाच नाही. पूर्ण प्रयोग १९७२ मध्ये अटलांटात झाला. १९७६ मध्ये जॉपलिनला मरणोत्तर पुलित्झर पुरस्कार देण्यात आला. 'मेपल लीफ'च्या त्या एकेका सेंटातून हा ऑपेरा उभा राहिला, ही गोष्ट मला वाजवताना अनेकदा आठवते.

---

मांडवी_काठ

गोव्याहून लिहितोय. १९१३ मध्ये न्यूयॉर्कला जेम्स रीझ युरप यांच्या सोसायटी ऑर्केस्ट्राने तबकड्या केल्या. कृष्णवर्णीय वादकांच्या अगदी सुरुवातीच्या ऑर्केस्ट्रा रेकॉर्डिंगांपैकी त्या. तो काळ रॅगटाइमचाच. त्या ऑर्केस्ट्रातला क्रिकेट स्मिथ हा कॉर्नेटवादक पुढे १९३० च्या दशकात मुंबईला आला आणि ताजमहाल हॉटेलात स्वतःचा बँड घेऊन वाजवू लागला. टेडी वेदरफर्ड हा पियानोवादकही त्याच्यासोबत होता. म्हणजे रॅगटाइमच्या ऐन काळात वाजवलेला माणूस अपोलो बंदरावर रोज संध्याकाळी वाजवत होता.

आणि त्याच काळात मुंबईच्या बँडांमध्ये आमची गोंयची माणसं भरलेली होती. चर्चच्या पारोकियाल शाळेत लहानपणीच सोल्फा (सुरांची नावं म्हणत गाणं) आणि नोटेशन (सुरांचं लेखन) शिकून आलेली. कागद समोर ठेवला की वाजवायची. धागाकर्त्यांनी लिहिलं की रॅगचा प्रत्येक सूर लिहिलेला असतो, तेव्हा मला आमच्या वाड्यावरचे ते म्हातारे मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, आठवले. व्हायोलिनचे धडे गिरवून घेताना ते 'आधी वाच, मग वाजव' एवढंच सांगायचे.

---

वेगळा_सूर

@मांडवी_काठ, हे माहीत नव्हतं, मनापासून आभार.

@तीन_सप्तकं, रात्री पियानोवादक जोशुआ रिफ्किनचं 'मेपल लीफ'चं १९७० चं वादन शांतपणे ऐकलं. मी ते आजवर मुद्दाम टाळत आलो होतो, कारण ते मला मुळमुळीत वाटेल अशी भीती होती. तसं नाहीये. आठव्या बारला वर पोचल्यावर तो किंचितही रेंगाळत नाही, तरी ती जागा मोठी वाटते. बेशे मी सोडणार नाही. पण आता दोन्ही ऐकेन.

---

आर्याची_आई

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, पियानोची चौथी परीक्षा देऊन झाली. १९७३ च्या 'द स्टिंग' चित्रपटामुळे घराघरांत पोचलेला जॉपलिनचा 'एंटरटेनर' तिने सोप्या रूपात वाजवला आहे, आणि आता तिला 'मेपल लीफ'च हवा आहे. तिचे हात लहान आहेत. डाव्या हाताची ऑक्टेव्हची (एकाच सुराच्या दोन सप्तकांतल्या पट्ट्या एकदम दाबण्याची) उडी तिला झेपत नाही, आणि चुकलं की ती घाई करून पुढे पळते. काय करावं?

---

तीन_सप्तकं

ताई, मूळ रूप या वयाला अवघडच आहे, हात ताणून दुखवून घेऊ नका. ऑक्टेव्हऐवजी फक्त खालचा एक सूर वाजवू द्या, चाल तीच राहते. मी स्वतः पहिले दीड महिने तेच केलं.

सुरुवात ब भागापासून करा, अ पासून नको. ब मध्ये डाव्या हाताची 'बूम-चक' सरळ आहे. आधी एकटा डावा हात, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर. उडी मारताना बोटांकडे न बघता जमेपर्यंत उजवा हात मांडीवर. मग तुम्ही उजव्या हाताची लय टाळीने द्या आणि तिला डावा वाजवू दे. नंतर अदलाबदल करा. दोघींनी मिळून केलं की घाई करायला जागाच राहत नाही, कारण समोरची व्यक्ती वाट बघत असते.

क भागाची घाई नको. त्यात पाच बेमोल (अर्ध्या सुराने उतरवलेले सूर) येतात आणि मुलं तिथे हमखास एक विसरतात.

---

आर्याची_आई

कालपासून सुरू केलं. ती डावा हात, मी टाळ्या. निशिगंध यांनी करून पाहिलेलं तकिट तकिट तक मलाच आधी शिकावं लागलं, स्वयंपाक करताना पाय आपटत म्हणत होते. आर्या आता ६० वर आठ बार न थांबता जाते. ६४ करू का, असं विचारत होती. मी म्हटलं, रविवारपर्यंत ६०.